हळदीच्या दिवशी गेलेलं वायफाय

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. ‘होतं’ लिहिताना हात अडखळतो, कारण दुकान अजून आहे आणि पाटीही तीच आहे. फक्त आता तिथे मोबाईलची कव्हरं आणि काचा विकल्या जातात, आणि मागच्या बाजूला एका टेबलाएवढी जागा भाडेकरूने माझ्यासाठी सोडली आहे. त्या टेबलाशी मी अजून अधूनमधून बसतो. सगळीकडून ‘आता नवीनच घ्या’ असं ऐकून कंटाळलेले लोक शेवटी माझ्याकडे येतात.

अशा बहुतेक लॅपटॉपना रोग काहीच नसतो. कीबोर्ड ठणठणीत, पडदा स्वच्छ, पण कंपनीने ठरवलेलं असतं की हे मॉडेल म्हातारं झालं. मला या सक्तीच्या निवृत्तीचा राग येतो. मग मी त्यात लिनक्स घालतो. लिनक्स म्हणजे लॅपटॉप चालवणारी एक प्रणाली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, हलकी आणि फुकट. ‘फुकट’ म्हटलं की गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं. त्याचंही बरोबर आहे. भाईंदरमध्ये फुकट फक्त सल्ला मिळतो.

लिनक्स घालून झालं की मशीन तरतरीत होतं. गिऱ्हाईक खूश होतं. मग त्याचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे जातं आणि ठरलेला प्रश्न येतो, ‘‘अहो, वायफाय कुठंय?’’

माझी अर्धी कारकीर्द या एका प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली, म्हणून थोडं समजावून सांगतो. लॅपटॉपच्या पोटात वायफायची एक चिप असते. तिची भाषा वेगळी आणि लिनक्सची वेगळी. दोघांमध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. आमच्याकडे हे पटवून द्यायला वेळ लागत नाही. आमच्या रांगेत मी एका शेजाऱ्याशी हिंदीत बोलतो, दुसऱ्या शेजारच्या शेठशी मोडक्या गुजरातीत, आणि चिडलो की मराठीत. बऱ्याच चिपचा दुभाष्या लिनक्सबरोबरच येतो. काहींचा येत नाही, तो इंटरनेटवरून आणावा लागतो. आणि इंटरनेटला जायला वायफाय लागतं! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत.

यातून सुटायची युक्ती साधी आहे. मोबाईल वायरने लॅपटॉपला जोडायचा आणि मोबाईलचं नेट लॅपटॉपला द्यायचं. तेवढ्यात ड्रायव्हर उतरवून घ्यायचा. मात्र वायर बरी हवी. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त वायरींतून नुसतं चार्जिंग होतं, माहिती जात नाही. माझी चांगली वायर मी टेबलाच्या खणात कुलपात ठेवतो, बायको दागिने ठेवते तशी.

सगळेच दोष ड्रायव्हरचे नसतात, हेही सांगायला हवं. मिरा रोडच्या हाटकेश भागात राहणारे सामंत म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. आयुष्य गिरगावात काढून इकडे आलेले. लिनक्स मीच घालून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉप काखेत मारून दारात उभे.

‘‘सगळ्या बिल्डिंगचं वायफाय दिसतंय. फक्त माझं दिसत नाही. सेक्रेटरीचा काहीतरी डाव आहे.’’

‘‘सेक्रेटरीला वायफाय लपवता येत नाही हो.’’

‘‘तुम्ही आमचा सेक्रेटरी बघितला नाही.’’

मी त्यांच्या घरी गेलो. खरंच, शेजाऱ्यापाजाऱ्यांची यच्चयावत नावं दिसत होती आणि यांचं गायब. शोधता शोधता कळलं ते असं. वायफायच्या लहरींचे क्रमांक ठरलेले असतात, आणि शेवटचे काही क्रमांक अमेरिकेत चालत नाहीत, आपल्याकडे चालतात. सामंतांच्या घरचं यंत्र नेमकं त्या शेवटच्या क्रमांकावर बोलत होतं, आणि लॅपटॉपची समजूत होती की आपण अमेरिकेत आहोत. मिरा रोडला बसून तो तिकडचे नियम पाळत होता. मी त्याला देश सांगितला, आणि सामंतांचं नाव यादीत उगवलं.

सामंतांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘‘आमच्या चिरंजिवांचंही असंच झालंय. त्यांनाही जरा देश सांगता आला तर बघा.’’ मी हसलो, पण परत येताना रिक्षात मला वाईट वाटलं.

आता जानकीबायची गोष्ट सांगतो. खरं तर तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

जानकीबाय भाईंदरच्याच गोडदेव गावच्या जुन्या कोळी घरातली. चारी बाजूंनी उंच इमारती उठल्या आहेत आणि मधे यांचं बैठं घर, अंगण आणि तुळस तशीच. जानकीबाय धवलारीण आहे. मी गिरगावातून आलेला माणूस, मला हा शब्दच माहीत नव्हता. कोळी आणि आगरी लोकांच्या लग्नात एक जाणती बाई असते. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं. त्या गाण्याला धवला म्हणतात. धवला नाही तर लग्न लागलं असं त्या घरांना वाटतच नाही. गोडदेवातल्या आज नातवंडं खेळवणाऱ्या कित्येक बायकांना हळद लागली ती जानकीबायच्या गाण्यावर.

ती पहिल्यांदा दुकानात आली ती सुनेबरोबर. सून वैशाली खाजगी शाळेत शिकवते. तिने जुन्या लॅपटॉपवर स्वतःच्या हाताने, व्हिडिओ बघून बघून, लिनक्स घातलं होतं. शिकलेसवरलेले लोक मशीन माझ्यापुढे टाकून मोकळे होतात, आणि ही बाई वह्या तपासून, स्वयंपाक आटपून हे शिकली होती. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवलं.

‘‘कौतुक नंतर करा, दादा,’’ वैशाली म्हणाली. ‘‘वायफाय येत नाहीये. आणि मला ते हळदीच्या आधी पाहिजे, काहीही करून.’’

प्रकरण असं होतं. जानकीबायच्या मुलीची मुलगी सोनल कॅनडात नोकरी करते. लग्न तिकडेच ठरलं. मुलगी आणि जावई आधीच पोचले होते, पण जानकीबायला डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलेला. तिने सोनलला लहानपणी शब्द दिला होता की तुझा धवला मीच गाईन. साखरपुड्याला मोबाईलवरून प्रयत्न झाला. जानकीबायला त्या एवढ्याशा काचेत काही धड दिसेना. तिकडे ओटी भरून झाली तरी ही आधीचंच गात राहिली. तिकडच्या पोरींना हसू फुटलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण जानकीबाय घरात सांगून मोकळी झाली की मी आता गाणार नाही. त्यावर सोनलने तिकडून कळवलं, ‘‘आजी गाणार नसेल तर मी हळद लावून घेणार नाही.’’ दोघी एकाच मातीच्या. मधल्यामधे वैशालीच्या जिवाला घोर.

म्हणून लॅपटॉप. तो टीव्हीला जोडायचा, टीव्हीवर नवरी मोठी दिसेल, मग आजी गातील, असा तिचा बेत होता.

मी सुचवलं, ‘‘मावशी, आधी रेकॉर्ड करून पाठवलं तर?’’

जानकीबायने माझ्याकडे असं बघितलं की मी स्टुलावर जरा मागे सरकलो.

‘‘धवला बरनीत भरून ठेवाला लोनचा हाय काय? नवरी समोर लागते, दादूस. तिचा तोंड बघूनशी मना गान्याची फुडची ओल येते. रडली त थांबाचा, हसली त फुडं जायाचा. त्या मशिनला काय कळतंय ती रडते का हसते?’’

मी पुन्हा तो विषय काढला नाही. लॅपटॉप उघडून आधी चिपचं नाव काढलं. हा माझ्या धंद्यातला पहिला नियम आहे. झाकणावर कंपनीचं नाव काय आहे याला अर्थ नसतो, आत चिप कोणाची ते विचारायचं. नाव दिसलं आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. ही चिप आमच्या धंद्यात बदनाम आहे. जिने बनवली त्या कंपनीने ती आतून कशी चालते हे लिनक्सवाल्यांना तेव्हा सांगितलंच नव्हतं. मग काही लोकांनी, कुठल्या कुठल्या देशांत बसून, ती चिप बाहेरून न्याहाळली. तिला काय सांगितलं की ती काय करते, हे एकेक करून टिपलं. त्यातून तिची भाषा उकलली, दुभाष्या लिहिला आणि सगळ्यांसाठी ठेवून दिला. मी या धंद्यात केस पांढरे केले, पण एवढी चिकाटी मला कधी जमली नसती. त्या लोकांचा विचार आला की मला अजूनही नमस्कार करावासा वाटतो.

मी खणातून वायर काढली, माझा मोबाईल जोडला, त्यांचा तो ड्रायव्हर आणि चिपला लागणारी एक छोटी फाईल उतरवून घेतली. मशीन बंद करून चालू केलं. पुढच्या कडेवरचा निळा दिवा लागला आणि कोपऱ्यात वायफायची खूण आली. वैशालीने खुर्चीवरच टाळ्या वाजवल्या. पुढे कव्हर घ्यायला आलेली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

जानकीबायने मात्र विचारलं, ‘‘यो कोनी केला?’’

‘‘मी केलं, मावशी.’’

‘‘तू त नुसता उतरवून घेतलास. मी बघतंय ना. केला कोनी?’’

मग मी तिला वर लिहिलं तसंच सांगितलं, जरा सोपं करून. ती मान हलवत ऐकत होती.

‘‘त्यांना काय मिलाला?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मंग कशापाय केला?’’

‘‘त्यांना स्वतःला लागलं म्हणून केलं. दुसऱ्याला लागेल म्हणून ठेवलं.’’

‘‘नाव काय? गाव कंचा?’’

मी गोंधळलो. वैशालीने खुलासा केला. धवल्यात सुरुवातीला आवतण असतं. आधी देवांना, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, आणि मग ज्याच्या ज्याच्या हातची वस्तू मांडवात आली त्या प्रत्येकाला. मडकं ज्याचं त्या कुंभाराला, सूप ज्याचं त्या बुरुडाला. नाव घेऊन, गाव घेऊन बोलवायचं आणि प्रत्येकाच्या नावाचा एक विडा मांडून ठेवायचा. लॅपटॉप मांडवात येणार, म्हणजे त्याच्यामागच्या माणसांनाही बोलावणं आलंच. माझं नाव आणि मूळ गाव जानकीबायने तिथेच विचारून घेतलं. गुहागरकडचं गाव आहे म्हटल्यावर ‘‘दर्याकाठचा हायेस, बरा झाला,’’ असं प्रशस्तिपत्रकही मिळालं.

‘‘आनी त्याचा?’’ लॅपटॉपकडे बोट.

मी म्हटलं, ‘‘मावशी, सुरुवात केली त्यांची नावं आत लिहिलेली असतात. पण नंतर कितीतरी लोकांनी हात लावलाय. तुमच्या मशीनचं दुखणं नेमकं कोणी काढलं, ते मला नाही सांगता यायचं.’’

‘‘नाव न्हाय, गाव न्हाय. मंग आवतन धाडू कुठं?’’ ती पुटपुटली, आणि जाईपर्यंत त्याच विचारात राहिली.

हळदीला मलाही बोलावणं होतं. तिकडे संध्याकाळची हळद, म्हणजे आपल्याकडे सकाळ. मी इस्त्रीचा शर्ट घालून गोडदेवला पोचलो, तर अंगणातल्या मांडवात सगळे उभे आणि मधोमध वैशाली रडकुंडीला आलेली.

‘‘दादा, वायफाय गेलं. काल संध्याकाळपर्यंत छान होतं.’’

मांडवात हळद दळायचं जातं होतं, त्याला सूत गुंडाळलेलं, आंब्याची पानं बांधलेली, हळदीची बोटं ओढलेली. शेजारी मुसळ, त्यालाही तसंच. आणि त्यांच्या रांगेत पाटावर लॅपटॉप. त्याच्याही पडद्याच्या कोपऱ्याला सूत आणि आंब्याचं पान. जानकीबाय नवी साडी नेसून, अंबाड्यात अबोली माळून पाटासमोर बसली होती. टीव्हीवर काळा पडदा. वैशालीचा नवरा प्रकाश मोबाईल कानाला लावून कॅनडाला सांगत होता, ‘‘थांबा, थांबा, हळद लावू नका.’’

घाबरतो तो माणूस, तसा मीही घाबरलो. मनात पहिलं आलं ते हेच की लिनक्सने रात्रीत स्वतःला अद्ययावत केलं असणार आणि त्यात ड्रायव्हर निसटला असणार. असं होतं कधीकधी. मी बसलो आणि ड्रायव्हर काढून पुन्हा घालायच्या मागे लागलो. नेट हवं म्हणून वायर मागितली. घरातल्या झाडून साऱ्या वायरी आल्या आणि सगळ्या नुसत्या चार्जिंगच्या निघाल्या. माझी चांगली वायर दुकानात, कुलपात! मी किल्ली काढून दिली, प्रकाश स्कूटर घेऊन केबिन रोडला पळाला.

एक बाई म्हणाली, ‘‘मोबाईलवरच करा ना आता.’’ जानकीबायने मांडीवरचे हात उचलून पदरात घेतले, आणि मला साखरपुड्याची गोष्ट आठवली. मोबाईल पुढे आला असता तर ती उठून घरात गेली असती, आणि तिकडे सोनलही तशीच बसून राहिली असती.

प्रकाश येईपर्यंत करायचं काय, म्हणून मी मशीनला शांतपणे विचारलं की बाबा, तुला झालंय काय. वायफाय बंद का आहे हे लिनक्स सांगतं, फक्त विचारावं लागतं. उत्तर आलं, ड्रायव्हर जागेवर आहे, चिपही ठीक आहे. माझ्याकडून काही अडचण नाही. तिला बाहेरून कोणीतरी बंद केलंय.

बाहेरून? मी लॅपटॉप पाटावरून उचलला. जुन्या मशीनना पुढच्या कडेवर नखाएवढा एक सरकता खटका असायचा, वायफाय बंद-चालू करायचा. आता तो कोणाच्या लक्षातही नसतो. त्या कडेवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळदीची पाच बोटं ओढली होती. ठसठशीत, प्रेमाने, जात्यावर ओढली होती तशीच. आणि त्या बोटांबरोबर खटकाही सरकला होता. फटीत हळद वाळून बसली होती.

‘‘मावशी, याला हळद कोणी लावली?’’

‘‘मीच. पहाटं. मांडवात आलेल्याला हलद लावल्याबिगर कसा चालंल?’’

मला एवढं हसू आलं की बोलता येईना. ज्या लॅपटॉपला जगाने टाकाऊ ठरवलं, त्याला या बाईने जात्या-मुसळाच्या पंगतीत बसवून हळद लावली, आणि त्या मानानेच त्याचं तोंड बंद झालं! वैशालीने केसातली पिन काढून दिली. मी फटीतली हळद कोरली, खटका सरकवला. निळा दिवा लागला.

टीव्हीवर सोनल आली. हिरव्या साडीत, अख्ख्या पडद्याएवढी. ‘‘आजी, दिसतेय का गो मी?’’

‘‘दिसतंस, बाय,’’ जानकीबाय म्हणाली. ‘‘डोल्यांत काजल जास्त झालाय.’’

आणि तिने सूर लावला. त्या आवाजाचं वर्णन मी करू शकत नाही. वयाने चिरकलेला आवाज, पण कुठे थांबायचं ते तिला ठाऊक होतं. सोनलचे डोळे भरले तशी ती थांबली, सोनलने नाक पुसलं तशी पुढे गेली. आधी देव आले. मग गेलेली माणसं आली, आणि आजूबाजूच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग कुंभार, बुरूड, फुलवाली. मग एकदम माझं नाव आलं, माझ्या गावासकट. माझं गाव गाण्यात मी पहिल्यांदाच ऐकलं. मी मान खाली घातली.

मला वाटलं, आवतण संपलं. पण जानकीबायने पडद्याकडे एकदा बघितलं आणि पुढची ओळ धरली:

‘‘नाव ना ठावं गो, गाव ना ठावं,
वाऱ्यावर नातीचा मुखडा दाविला गो,
नावाबिगर त्याला आवतन धाडा...’’

बायकांनी ती ओळ उचलली. दुसऱ्या फेरीला तिकडून कॅनडातूनही दोनचार आवाज आले. एवढ्यात प्रकाश माझी वायर हातात उंच धरून ‘‘आणली, आणली!’’ करत मांडवात शिरला आणि सगळ्यांनी त्याला गप्प केलं.

हळद झाली. टीव्ही बंद झाला, पानं वाढली गेली. मांडलेले विडे ज्याचे त्याला वाटताना माझा मला मिळाला. लॅपटॉपसमोर एक विडा तसाच उरला होता. जानकीबायने तो उचलला आणि माझ्या हातावर ठेवला.

‘‘यो त्याचा. तू त्याच्याच धंद्याचा, त्याच्या वाटचा तू खा.’’

‘‘मावशी, तो मला भेटायचा नाही कधी.’’

‘‘न्हाय भेटला त न्हाय. पन कवा गाठ पडली त सांग त्याला, पोरीला हलद लागली.’’